जस्ताचा मुलामा की जस्ताची कल्हई?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. विजेच्या मनोऱ्यांच्या उभारणीची माहितीपुस्तिका ते मराठीत करत आहेत. तिच्यात ‘हॉट-डिप गॅल्वनायझिंग’, म्हणजे लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवणं, पानोपानी येतं. त्यांनी आधी ‘जस्ताचा मुलामा’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘तप्तनिमज्जन जस्तविलेपन’ केलं. पुस्तिकेतलं एक वाक्य पाठवून या वाचकाचं विचारणं असं, की दोन्हींपैकी बरोबर काय, आणि सरळ ‘जस्ताची कल्हई’ लिहिलं तर लोक हसतील का?

हसणार नाहीत. माझ्या मते तोच शब्द सगळ्यांत नेमका आहे.

लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा करून तो कोळसे पेटवायचा आणि भाता लावायचा. पितळेचं पातेलं आधी राखेनं, वाळूनं घासून लख्ख करायचा. पातेलं चांगलं तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकायचा. भसकन पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा, आणि आम्ही पोरं मागे सरून पुन्हा पुढे यायचो. मग कथिलाची कांडी तापल्या बुडाला नुसती टेकवायची, की तिचं टोक पाघळायचं. लगेच कापसाचा बोळा गरकन फिरवायचा. पिवळं पातेलं आतून बघता बघता चंदेरी व्हायचं. शेवटी ते पाण्यात बुडवलं की चर्र आवाज.

पुढे खूप वर्षांनी एका कारखान्यात लोखंडी कोन (अँगल) आणि खांब जस्तात बुडवताना पाहिले. आधी तेलकटपणा काढायचा, मग आम्लाच्या हौदात गंज उतरवायचा, मग पाण्यानं धुवायचं, मग एका द्रावणात बुडवून वाळवायचं आणि शेवटी वितळलेल्या जस्तात सोडायचं. त्या द्रावणात काय असतं विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, “जस्ताचं क्लोराइड आणि नवसागर.” मला एकदम अंगणातला तो धूर आठवला. काम तेच होतं: धातू घासूनपुसून उघडा करायचा, नवसागरानं त्यावरचा उरलासुरला मळ आणि ऑक्साइड काढायचं, आणि वितळलेला दुसरा धातू त्याला भेटवायचा. फरक मापाचा. कथील 232 अंशांना वितळतं, जस्त सुमारे 420 अंशांना, आणि कारखान्यातला जस्ताचा हौद साधारण 450 अंशांवर ठेवतात.

‘मुलामा’ इथे का बसत नाही, ते त्या शब्दाच्या मुळातच आहे. अरबीतलं ‘मुलम्मा’ म्हणजे चमकवलेलं. चांदीवर सोन्याचा मुलामा देतात तो दिसण्यासाठी, म्हणूनच बोलण्यात ‘वरवरचा मुलामा’ म्हणजे आतलं लपवणारी चकाकी. मनोऱ्याच्या लोखंडावर जस्त शोभेसाठी चढवत नाहीत. शिवाय ते नुसतं वर बसत नाही. वितळलेलं जस्त लोखंडाला भिडलं की दोघांच्या मिश्रधातूचे थर तयार होतात: लोखंडाच्या अंगाला लोखंड जास्त, बाहेर येता येता जस्त जास्त, आणि सर्वांत वर जवळजवळ निव्वळ जस्त. लोखंड कुठे संपलं आणि जस्त कुठे सुरू झालं, अशी रेघ ओढता येत नाही. तांब्या-पितळेवरच्या कल्हईतही तांबं आणि कथील यांचा असा पातळ थर मधे होतो. मुलामा म्हटलं की ही सोयरीक दिसतच नाही.

‘जस्तविलेपन’ चुकीचं नाही. शालेय विज्ञानाच्या पुस्तकातही ते आहे, त्याच्या शेजारी ‘कथिलीकरण’ आहे आणि विजेच्या साहाय्यानं चढवलेल्या थराला ‘विद्युत विलेपन’. पण विलेपन म्हटलं की डोळ्यांपुढे चंदनाची उटी येते, हातानं लावलेली, पुसली तर जाणारी. आणि ‘तप्तनिमज्जन’ वाचून मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाला काहीच कळणार नाही. पुस्तिका त्याच्यासाठी आहे.

आता ‘कल्हई’वरचा खरा आक्षेप. कल्हई म्हणजे मुळात कथीलच. अरबीत कथिलाला ‘कलई’ म्हणत. अरबी भूगोलकार ज्या ‘कलह’ बंदराचा उल्लेख करतात, ते मलाय द्वीपकल्पाच्या बाजूचं, आणि तिथल्या कथिलावरून हा शब्द आला असं सामान्यपणे मानतात. मराठीत धातूचं नाव ‘कथील’च राहिलं (संस्कृत ‘कस्तीर’, गुजरातीत ‘कथीर’) आणि ‘कल्हई’ हे नाव क्रियेला, तिच्यानं आलेल्या थराला चिकटलं. मग ‘जस्ताची कल्हई’ म्हणजे ‘जस्ताचं कथील’ झालं नाही का? व्युत्पत्ती धरून बसलं तर झालं. पण ‘तेल’ हा शब्दही तिळावरून आलेला आहे, आणि शेंगदाण्याचं तेल म्हणताना आपली जीभ अडत नाही. शब्द वस्तूकडून क्रियेकडे सरकला की नव्या वस्तूशीही नांदतो. फक्त एक काळजी घ्यावी: नुसतं ‘कल्हई’ लिहू नये, दर वेळी ‘जस्ताची’ जोडावं. कारण दोन्हींचं काम वेगळं आहे. कथिलाची कल्हई ताक-आमटी कळकू नये म्हणून. जस्ताची कल्हई लोखंड गंजू नये म्हणून, आणि जस्ती बादलीत ताक कधीच ठेवू नये, कारण आंबटात जस्त विरघळतं.

‘गॅल्वनायझिंग’ या शब्दालाही न्याय द्यायला हवा. बेडकाच्या पायांवरचे प्रयोग 1791मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या इटालियन वैज्ञानिक लुइजी गॅल्वानीचं हे नाव. बुडवण्याच्या कामात तर वीज कुठेच नसते, मग हे नाव का? लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याची कल्पना फ्रान्समध्ये मालुआँ या रसायनतज्ज्ञानं 1742मध्येच मांडली होती. 1837मध्ये सोरेल या फ्रेंच अभियंत्यानं पेटंट घेतलं आणि गॅल्वानीचं नाव जोडलं, ते जस्त लोखंडाला ज्या रीतीनं वाचवतं त्यावरून. थराला ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी ओलीत त्या दोन धातूंत बारीक विद्युतघट तयार होतो आणि आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. कथिलाचं उलट. कथील चढवलेल्या लोखंडी डब्याला चरा पडला की तिथलं लोखंड उलट लवकर गंजतं. म्हणजे सोरेलनं दिलेलं नाव संरक्षणाच्या रीतीवरून पडलं आहे आणि ‘कल्हई’ हे करण्याच्या रीतीवरून. दोन्ही खरी आहेत.

एक अपवाद पुस्तिकेत आला तर सांभाळावा. जस्ताची तार वितळवून हवेच्या झोतानं लोखंडावर फवारतात, त्याला कारखान्यात ‘मेटलायझिंग’ म्हणतात. तिथे थेंब थंड पृष्ठभागावर आपटून खरबरीतपणात रुतून बसतात, मिश्रधातूचा थर होत नाही. त्याला कल्हई म्हणू नये. ‘जस्ताची फवारणी’ पुरे. नटबोल्टांवर विजेनं चढवलेला पातळ थर तर वेगळाच, त्याला ‘विद्युत विलेपन’ ठीक.

आणि तयार वस्तूसाठी नवा शब्द शोधूच नका. जस्ती पत्रा, जस्ती बादली आपल्या घरात केव्हापासून आहेत. मनोऱ्याचे ‘जस्ती कोन’ आणि ‘जस्ती पट्ट्या’ लिहा, दुकानदारही चटकन काढून देईल.

तुम्ही पाठवलेलं वाक्य मी असं लिहीन: “मनोऱ्याचे सर्व लोखंडी भाग वितळलेल्या जस्तात बुडवून त्यांना जस्ताची कल्हई (गॅल्वनायझिंग) केलेली असावी. 5 मिलिमीटर व त्याहून जाड भागांवर दर चौरस मीटरला किमान 610 ग्रॅम जस्त, म्हणजे सुमारे 85 मायक्रॉनचा थर असावा. कापणे, भोकं पाडणे ही कामं कल्हईच्या आधी उरकावीत.” कंसातला शब्द पहिल्या वेळी ठेवा, पुढे काढून टाका.