ड्राफ्टमध्ये संघाने गरज बघावी की खेळाडू?

तुमचा प्रश्न असा आहे: एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे, वरचा पिक (निवडीची पाळी) हातात असताना संघाने रिकामी जागा भरणारा कॉलेजचा पोरगा घ्यावा, की जागा गेली खड्ड्यात, सगळ्यांत चांगला असेल तोच उचलावा? उत्तर एका ओळीचं आहे. पहिल्या पाचातला पिक असेल तर सगळ्यांत चांगला तोच. संपलं.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "पोर्टलँडसारखी घोडचूक नको म्हणून विचारतोय, त्यांनी जॉर्डन सोडून बूई घेतला आणि ड्युरँट सोडून ओडेन." हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं घरच्याच माणसाकडून ऐकतोय, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहितो. बूई १९८४ चा, ओडेन २००७ चा, दोघांना एका दावणीला बांधू नका.

१९८४ आधी उरकतो. पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने हकीम ओलाजुवॉन घेतला. दुसरा पिक पोर्टलँडचा. आदल्याच वर्षी त्यांनी क्लाइड ड्रेक्सलर घेतलेला, म्हणजे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा पोरगा घरात होता. हवा होता सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सगळ्यांत उंच गडी. म्हणून केंटकीचा सात फूट एक इंचाचा सॅम बूई. तिसऱ्यावर शिकागोने जॉर्डन नेला, पाचव्यावर फिलाडेल्फियाने बार्कली. आता यातली मेख बघा. नडगीच्या फ्रॅक्चरपायी बूईचे कॉलेजमधले लागोपाठ दोन मोसम वाया गेले होते. ही गोष्ट जगजाहीर होती. तपासणी करून, कागद समोर ठेवून, केवळ सेंटर हवा म्हणून त्यांनी तो घेतला. याला घोडचूक म्हणा, शिव्या घाला, मी तुमच्या बाजूने आहे.

२००७ चं प्रकरण वेगळं. मी तेव्हा पोर्टलँडच्या पश्चिमेला, हिल्सबरोच्या बाजूला राहायचो. त्या भागात चिप बनवणाऱ्यांच्या नोकऱ्यांपायी मराठी घरं बरीच आहेत आणि ब्लेझर्स, म्हणजे पोर्टलँडचा एनबीए संघ, सोडून दुसरा मोठा संघ नव्हताच, त्यामुळे क्रिकेटवर वाढलेली आम्ही माणसं हळूहळू बास्केटबॉलवर भांडायला लागलो. माझे साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, बीव्हर्टनला. टीव्ही त्यांच्याकडे मोठा, म्हणून मे महिन्यातली लॉटरी, म्हणजे खालच्या संघांचा पिकचा क्रम ठरवणारी सोडत, बघायला आम्ही तिकडे. सासूबाई नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या, त्याही बसल्या.

ब्लेझर्सचा आदला मोसम ३२ विजय आणि ५० पराभव. पहिला पिक मिळण्याची शक्यता ५.३ टक्के. लॉटरीत पाकिटं उलट्या क्रमाने उघडतात, चौदावं आधी. सातवं पाकीट आपलं असणार असं गृहीत धरून आम्ही पोहे खात होतो, आणि त्यातून निघालं मिनेसोटा. साडूभाऊ बशी हातात धरून उभेच राहिले. तेव्हा सोडत फक्त पहिल्या तीन क्रमांकांची असायची, आपलं नाव सातव्यावर नाही म्हणजे आपण पहिल्या तिनात घुसलो, एवढं गणित सगळ्यांना येत होतं. शेवटी उरले सिॲटल आणि पोर्टलँड. दुसरं पाकीट सिॲटलचं निघालं आणि बिल्डिंगमधल्या खालच्या घरातूनसुद्धा आरडाओरडा ऐकू आला. सासूबाईंनी विचारलं, "जिंकलो का?" म्हटलं, "नाही आई, अजून खेळायचंय." त्यांना ते काही पटलं नाही.

मग टीव्हीवर पहिल्या पिकचा दावेदार ओडेन याची क्लिप लागली. दाढी, रुंद कपाळ, थकलेले डोळे. सासूबाई म्हणाल्या, "हे गृहस्थ कोच का?"

इथून सगळं सुरू झालं. साडूभाऊंनी ते वाक्य झेललं. "बघा, आईंनासुद्धा कळतंय. हा एकोणीस वर्षांचा आहे? आपण म्हातारा घेणार आणि सिॲटल ड्युरँट नेणार." पुढचा महिनाभर, ड्राफ्ट होईपर्यंत, त्यांचा मुद्दा हाच. ओडेन म्हातारा दिसतो. त्याच्या गुडघ्यांबद्दल एक अक्षर नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ड्युरँट वाईट होता असं मी कधीच म्हटलं नाही. टेक्ससला पहिल्याच वर्षी सामन्याला सरासरी २५.८ गुण, ११.१ रिबाउंड (नेम चुकल्यावर पकडलेले चेंडू), आणि देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला पहिला फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा पोरगा. ड्राफ्टआधीच्या चाचणीत त्याला १८५ पौंडांचा बार छातीवरून एकदाही वर ढकलता आला नाही म्हणून लोक हसले. ती हसण्याची गोष्टच नव्हती. बेंच प्रेस बघून बास्केटबॉलपटू निवडणारा माणूस वजनकाट्यावर उभं करून गवई निवडेल.

पण ओडेनचं काय ते बघा ना. ओहायो स्टेटला आला तो उजव्या मनगटाचं ऑपरेशन होऊन. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा नेम, डाव्या हाताने टाकायचा. तसा खेळून १५.७ गुण, ९.६ रिबाउंड, ३.३ ब्लॉक. अंतिम सामन्यात समोर फ्लोरिडा, म्हणजे नोआ आणि हॉरफर्ड, दोघेही त्याच ड्राफ्टमध्ये वर गेलेले. ओहायो ७५ विरुद्ध ८४ अशी हरली, पण ओडेनने त्यांच्यासमोर २५ गुण आणि १२ रिबाउंड घेतले. तो सामना ज्याने पूर्ण बघितलाय त्याने मला सांगावं की हा चुकीचा पिक होता. ड्युरँटची टेक्सस त्याच स्पर्धेत दुसऱ्या फेरीत यूएससीकडून १९ गुणांनी हरून घरी गेली होती.

आणि तेव्हाची लीग डोळ्यांसमोर आणा. १९९९ ते २००७ या नऊ विजेतेपदांपैकी २००४ चं डेट्रॉइटचं सोडलं तर प्रत्येक विजेत्या संघात एक तर शॅक होता नाहीतर टिम डंकन, दोघेही ओडेनसारखे बास्केटजवळ खेळणारे उंच गडी. आमच्याकडे ब्रँडन रॉय होता, त्याच वर्षीचा सर्वोत्तम नवोदित. लामार्कस ऑल्ड्रिज होता. ओडेन बसला असता तर गरजही भागली असती आणि बहुतेक स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यांच्या, मते तोच पहिलाही होता. म्हणजे तुम्ही विचारताय तो पेच २००७ ला नव्हताच. केव्हिन प्रिचर्डच्या जागी त्या दिवशी दुसरा कुणीही जनरल मॅनेजर असता तरी बहुधा त्याने तेच नाव घेतलं असतं. मी आजही तेच घेईन, त्या दिवशीचेच कागद हातात दिले तर.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबरात, एकही सामना खेळायच्या आत, उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर. यात कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक भोकं पाडतात, म्हणजे आतून मज्जा आणि रक्त झिरपून वर नवा थर धरतो. तो थर मूळ कूर्चेइतका टिकाऊ नसतो. पण अमारे स्टाउडमायर त्यातून उठून पुन्हा उड्या मारत होता, त्यामुळे आम्ही धीर धरून होतो. ओडेन २००८-०९ ला आला, संघ ५४ सामने जिंकला, जर्सी नंबर ५२ मी विकत घेतली. बायको म्हणाली एवढ्या पैशात मिक्सर आला असता.

५ डिसेंबर २००९. ह्यूस्टनविरुद्ध सामना, ब्लेझर्सच्या रोझ गार्डन स्टेडियममध्ये, आम्ही दोघे साडू वरच्या मजल्यावर. ॲरन ब्रूक्स बास्केटकडे आला, ओडेन अडवायला उडाला आणि खाली आला तो सरळ कोसळला. फार कुणी धक्का दिला नाही, काही नाही. डाव्या गुडघ्याची वाटीच फुटली होती. वरून आम्हाला एवढंच दिसलं की त्याने पाय हातांनी धरलाय आणि त्याच्या भोवतीचे खेळाडू दुसरीकडे बघतायत. स्ट्रेचर आलं. आणि स्ट्रेचर कोर्टावर असताना, अजून बाहेरही गेलं नसताना, माझ्या शेजारून आवाज आला, "काय साडूभाऊ, सांगितलं होतं की नाही?"

नव्हतं सांगितलं! परतीच्या मॅक्स ट्रेनमध्ये, स्टील ब्रिज ओलांडून बीव्हर्टन येईपर्यंत, मी एवढंच म्हणत होतो. तुम्ही म्हातारा दिसतो म्हणाला होतात. गुडघा हा शब्द तुमच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो ऑपरेशनची बातमी आल्यावर. पण माणसाची स्मरणशक्ती सोयीची असते. त्या रात्रीपासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक वाढदिवसाला नवीन पाहुण्यांना माझी ओळख "हे आमचे ओडेनवाले" अशी होते, आणि "मी तेव्हाच म्हटलं होतं, याचे गुडघे टिकायचे नाहीत" ही पुरवणी.

ओडेन पोर्टलँडसाठी एकूण ८२ सामने खेळला. तेवढे सामने लीगच्या एका मोसमात असतात. ड्युरँट २०१४ चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), २०१७ आणि २०१८ ला गोल्डन स्टेटकडून विजेता. हे आकडे मला तोंडपाठ आहेत कारण ते मला ताटात वाढले जातात.

आता साडूभाऊंचं ड्युरँटप्रेम कुठून आलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. त्यांनी एमएस केलं ऑस्टिनला. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस. घरात मगसुद्धा भगव्या रंगाचा आणि त्यावर लांब शिंगांचा बैल. २००६ ला त्यांना ऑल्ड्रिज हवा होता, टेक्ससचा. तो मिळाला, चांगला निघाला, मान्य. २००७ ला ड्युरँट, टेक्ससचा. २००८ ला तेच म्हणत होते की वाटेल ते करून वर जा पण डी. जे. ऑगस्टिन घ्या. टेक्ससचा. २०१८ ला मो बाम्बा. कुठला ते ओळखा. "हात बघा त्याचे, हात! हा पुढचा ओलाजुवॉन." बाम्बा सहाव्या क्रमांकावर ऑर्लँडोकडे गेला आणि त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्यावर लुका डॉन्चिच, पाचव्यावर ट्रे यंग होते. या बाम्बाबद्दल दिवाळीला कुणी बोलत नाही. दरवर्षी एकाच कॉलेजचं नाव घेतल्यावर एकदा बोलाफुलाला गाठ पडणारच, त्याला पारख म्हणत नाहीत.

आणि २०१२ ला सहाव्या क्रमांकावर ब्लेझर्सनी डेमियन लिलर्ड घेतला, तेव्हा याच गृहस्थांनी फोन केला होता, "वेबर स्टेट? हे कॉलेज आहे की हवामान खातं?" लिलर्ड पुढे एक दशकाहून जास्त पोर्टलँडचा चेहरा होता. त्याचा पुढे एक शब्दाने उल्लेख नाही.

तर तुम्हाला सांगायचं ते हे. ड्राफ्टवर वाद घालणाऱ्या माणसाचं मत ऐकण्याआधी त्याचं कॉलेज विचारा. मग त्याने त्या पोराचे पूर्ण सामने किती बघितलेत ते विचारा. यूट्यूबवरच्या चार मिनिटांच्या क्लिपमध्ये प्रत्येक पोरगा जॉर्डन असतो. मी स्वतः फ्री थ्रोची टक्केवारी आधी बघतो, कारण लांबून नेम पुढे बसेल का याचा अंदाज कॉलेजच्या थ्रीपेक्षा (लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या नेमापेक्षा) त्यावरून बरा येतो. वय बघतो. एकोणीस वर्षांच्या पोराचे १५ गुण आणि बावीस वर्षांच्या पोराचे १५ गुण यात जमीनअस्मानाचा फरक आहे. गरज बघायचीच असेल तर विसाव्या पिकाच्या पुढे बघा, तिथे सगळे जवळपास सारखेच असतात.

काही गोष्टी राहिल्या, त्या आता लिहितो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन लिहीलच. ओडेनचं लहानपणी खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यामुळे एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड होता. हे खरं आहे. त्यावरून गुडघे जाणार हे ठरत नाही, पण डॉक्टरांचा कागद मोठ्या अक्षरात वाचावा, विशेषतः सात फुटी माणसाच्या बाबतीत. पोर्टलँडला १९७७ चं एकमेव विजेतेपद मिळवून देणारा सेंटर बिल वॉल्टनची कारकीर्दसुद्धा पुढे पायांच्या दुखापतींनीच खाल्ली, आणि ब्रँडन रॉय तर सेंटरही नव्हता, तरी त्याचे गुडघे २०११ पर्यंत संपले. दुसरं म्हणजे माझा शॅक-डंकनवाला मुद्दा आज लावू नका. लीग थ्रीची झाली आहे. आणि सर्वोत्तम तोच घ्या म्हटलं तरी सर्वोत्तम कोण हे कळायला हवं. २००९ ला मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड (संघाचा खेळ चालवणारे) घेतले, रुबियो आणि फ्लिन, आणि सातव्यावर गोल्डन स्टेटने तिसरा पॉइंट गार्ड घेतला, स्टेफ करी, आणि तिघांत मोठा तोच निघाला. त्याला काय करणार?

तुमचा संघ कुठला ते लिहिलं नाहीत. वरचा पिक येईल म्हणून मुद्दाम हरणारा असेल तर फार आशा ठेवू नका. २०२५ ला डॅलसने १.८ टक्के शक्यतेवर कूपर फ्लॅग नेला आणि सगळ्यांत जास्त सामने हरलेलं यूटा पाचव्यावर घसरलं.

आणि साडूभाऊ, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे, लिंक ताईंनी तुम्हाला पाठवलीच असेल. येत्या दिवाळीला आधी बाम्बावर बोला. मग ड्युरँट काढा.