माणिक अस्सल, पण काच भरलेलं

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. गेल्या दिवाळीनंतर कापूस विकला आणि ज्योतिषानं सांगितलं म्हणून बायकोसाठी माणकाची अंगठी केली. ४२ हजार दिले, त्यातले २० हजार फोनपेवर. पक्कं बिल नाही. चिठ्ठीवर ‘ओरिजिनल माणिक’ आणि दुकानाचा शिक्का आहे. परवा लिंबाचं लोणचं घालताना अंगठी बोटातच राहिली, तर खड्यावर पांढुरक्या रेघा उमटल्या. सराफ म्हणतो, ‘दगड अस्सल आहे, कुठंही दाखवा.’ नकली खड्याची केस करता येईल का?

उत्तर : भाऊ, सराफ कदाचित खरंच बोलत असेल, आणि मेख तिथंच आहे. भेगाळलेलं, हलकं माणिक घेऊन त्याच्या भेगांत शिसं मिसळलेली काच वितळवून भरतात. भेगा दिसेनाशा होतात, दगड लालभडक दिसतो. असा माल २००४च्या सुमारास बाजारात आला. लिंबाचं आम्ल ही काच खातं. माणकाला मात्र काही होत नाही. तुमच्या खड्याचं हेच झालेलं दिसतंय. दहापट भिंगाखाली खडा तिरपा केला की निळसर झाक चमकते, काचेतले बुडबुडे दिसतात. पण ग्राहक आयोगाला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.

म्हणून तक्रारीत ‘नकली’ हा शब्द घालूच नका. अहवालात ‘माणिक’ आलं की समोरचा वकील तेवढाच शब्द उचलेल. लिहा : ‘काच भरलेलं माणिक, ती प्रक्रिया लपवून, ओरिजिनल म्हणून विकलं.’ नुसतं तापवलेलं माणिक वेगळं. बाजारातली बहुतेक माणकं तापवलेलीच असतात आणि ती टिकतात; तेही सांगूनच विकावं, पण काच भरलेल्याची किंमत त्याच्या जवळपासही जात नाही.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा. म्हणजे ती कच्ची चिठ्ठी सराफालाच नडेल. खरेदीपासून दोन वर्षांच्या आत यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकीलही लागत नाही, हे मी वकील असून सांगतोय. आधी पैसे परत मागणारी नोटीस स्पीड पोस्टानं सराफाला पाठवा, १५ दिवसांची मुदत देऊन.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते, पण तिथं सराफाची नियत सिद्ध करावी लागते. ठोक व्यापाऱ्यानं त्यालाच फसवलं असेल तर? ग्राहक आयोगात ती सबब फारशी चालत नाही. माणकानं पत्रिकेतला रवी बळकट झाला की नाही, यातही आयोग पडणार नाही. तो मुद्दा काढू नका.

‘ठेवून जा, पॉलिश करून देतो’ म्हणाला तरी अंगठी त्याच्या हाती देऊ नका. आयोग खडा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. तोवर रेघांचे फोटो काढा, वजन करून घ्या आणि अंगठी डबीत ठेवा, न धुता.