कैरी सगळ्यात शेवटी

प्रश्न : काकू, मागच्या मे महिन्यात खंडेराव मार्केटमधून पाच किलो राजापुरी कैरी आणली आणि फोडीही तिथेच करून घेतल्या. घरी आले तर मोहरीची डाळ कमी, बरणी माळ्यावर, तेल तापवायचं राहिलेलं. लोणचं घालेपर्यंत रात्र झाली. श्रावणात उघडलं तर वर पांढरी बुरशी. यंदा आधी काय काय करून ठेवू? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पाच किलोचं लोणचं टाकून देताना जीव किती तुटतो, ते मला ठाऊक आहे. तुमची कैरी चांगलीच होती, ती फक्त लवकर आली. घरात बाकी सगळं तयार झालं, की मगच कैरी आणायची.

सुरुवात बरणीपासून करा, तीही चार दिवस आधी. एका वर्षी मी बरणी सकाळी धुतली, पुसली आणि दुपारी लोणचं भरलं. हात लावला तर खडखडीत वाटत होती. पण गळ्याच्या आतल्या वळणात ओल राहिली होती. पुढे बुरशी धरली ती नेमकी तिथेच, बांगडीसारखी गोल. तेव्हापासून धुतलेली चिनी मातीची बरणी मी दोन दिवस गच्चीवर आडवी ठेवते, ऊन फिरेल तशी फिरवते. मग रात्री वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद आत टाकून झाकण लावते. सकाळी कागद कुरकुरीत निघाला तर बरणी वाळली, मऊ पडला तर आणखी एक दिवस ऊन. भरायच्या दिवशी निखाऱ्यावर हिंग टाकून त्याची धुरी द्यायची. आतल्या चकाकीला केसाएवढीही चीर असेल, तर ती बरणी लोणच्याला नको. चिरेत जुनं तेल आणि ओल मुरून बसते.

पाच किलो कैरीतून चारेक किलो फोडी धरा. माझं माप किलोला दीडशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, पंचवीस ग्रॅम मेथी. हळद, तिखट, हिंग घरच्या चवीनं. बरणी मात्र किलोमागे दोन लिटरच्या हिशेबानं हवी, वर दोन बोटं जागा राहायला पाहिजे. आदल्या दिवशी मीठ कोरडंच भाजून घ्या, मेथी तळून कुटा, मसाला कालवून ठेवा. तेल धूर येईपर्यंत तापवून रात्रभर गार होऊ द्या. कोमट तेलानंही फोडी मऊ पडतात, म्हणून या कामात घाई नको.

आता बाजार. सकाळी लवकर जा. सोबत दोन कोरडे पंचे, एक ओला पंचा आणि स्टीलचा मोठा डबा न्या. कैरी कडक हवी, एक कापून बघा: आत पांढरी, कोय धरलेली. चिरल्यावर फोड धुवायची नसते, म्हणून प्रत्येक कैरी आधी ओल्या पंच्यानं आणि मग कोरड्यानं पुसून द्या. कैरी चिरायचा सुडाही समोर पुसायला सांगा, चिरून देणारे भाऊ नाही म्हणत नाहीत. फोडी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका. घरी येईपर्यंत त्या आत घामेजतात, आणि तेच पाणी बरणीत जातं. घरी आल्यावर पंख्याखाली सुती कापडावर दोन तास पसरा.

हे सगळं पावसाच्या आत उरका. जूनच्या मध्यानंतर हवा दमट होते, मग काहीच नीट वाळत नाही.

बरणीच्या तोंडाला बांधायच्या दादऱ्याचं कापडही आधीच धुऊन वाळवा. लोणचं भरल्यावर तिसऱ्या दिवशी दादरा सोडून बघा. तेल फोडींच्या वर बोटभर नसेल, तर तापवून पूर्ण गार केलेलं आणखी ओता. म्हणून तेल आणतानाच अर्धा लिटर जास्त आणा.