चामडं शाबूत, सोलचा भुगा : डोंगरातल्या बुटांबद्दल तुमचे प्रश्न

डोंगरात भटकणारे आणि शिकारीला जाणारे वाचक बुटांबद्दल फिरून फिरून तेच विचारतात आणि जवळपास सगळ्यांची नजर चामड्यावर खिळलेली असते. चामडं महत्त्वाचं आहेच, पण चांगलं चामडं सहसा सगळ्यात शेवटी दगा देतं. त्याआधी काय काय जातं, ते उत्तरांत येईलच.

प्रश्न : बुटावर 'जेन्युइन लेदर' असा शिक्का आहे. म्हणजे टिकेल ना?

त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की बुटात कुठेतरी खरं कातडं आहे. जाड कातड्याचे आडवे थर काढतात. वरचा, मूळ छिद्रं आणि पोत असलेला थर म्हणजे फुल ग्रेन. त्याचे तंतू घट्ट गुंफलेले असतात, म्हणून तो झिजायला आणि भिजायला वेळ लागतो. खाली उरतो तो स्प्लिट. त्याच्यावर प्लास्टिकचा चकचकीत लेप चढवायचा, खोटा पोत उमटवायचा आणि शिक्का तोच मारायचा, हा जुना धंदा आहे. दोन-चार मोसमांत घडीवर लेप तडकतो आणि आतला स्प्लिट टिपकागदासारखा पाणी ओढतो.

जिभेची किंवा गळ्याची कापलेली कड उजेडात धरा. वर वेगळा, चकाकणारा पापुद्रा आणि खाली केसाळ थर दिसला, तर तो लेप. मग चवड्याजवळ अंगठ्याने दाबा. फुल ग्रेनवर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात, लेपावर एकसारख्या रेघा. नुबकला मात्र नाव ठेवू नका, ते वरून हलकं घासलेलं फुल ग्रेनच असतं. खडकाळ भागासाठी २.४ ते २.८ मिलिमीटर जाडी बघा आणि शिवणी जितक्या कमी तितकं बरं. दोरा आधी तुटतो आणि पाणीही तिथूनच आत शिरतं.

प्रश्न : काळे घ्यावेत की तपकिरी?

आवडतील ते.

प्रश्न : कारखान्यात वापरतात ते पोलादी टोपीचे बूट डोंगरात चालतील का?

नकोत. जड असतात, थंडीत बोटं गारठवतात आणि उतारावर बोटं त्या टोपीवर आपटत राहतात.

प्रश्न : नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या, असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

'सगळे' तुमचा पाय बघून सांगत नाहीत. नंबर कंपनीगणिक बदलतो, कारण प्रत्येकीचा साचा वेगळा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि डोंगरात घालाल तेच लोकरी मोजे घालून माप बघा. आतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी आणि चवडा कडेबाहेर सांडता कामा नये. मग लेस न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. शेवटी लेस आवळून उतरत्या फळीवर टाचा आपटत चाला. बोटं पुढे टेकली तर तो बूट तुमचा नाही, मग तो कितीही स्वस्तात मिळत असो. टाच जरा उचलली जाते, पण अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त उचलली की फोड ठरलेलाच. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, मोठ्या पायाचं माप धरा. फरक ठळक असेल, तर पायाचं माप घेऊन बूट बसवून देणाऱ्या जाणकाराकडे जा. घरबसल्या अंदाजाने मागवू नका.

प्रश्न : सोलवर व्हिब्रमचा पिवळा अष्टकोन आहे. मग काळजी नाही ना?

१९३५ साली आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने रबरी सोलचा ध्यास घेतला आणि १९३७ मध्ये खोल खाचांचा सोल आणला. त्याच्या व्हिब्रम कंपनीचा लौकिक सार्थच आहे. पण पिवळा शिक्का सांगतो फक्त तळाचं रबर कोणी बनवलं ते. ते कशाला आणि कशाने चिकटवलंय, हे तो सांगत नाही. शिवाय रबराचे प्रकार अनेक : मऊ रबर ओल्या कातळावर धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण शेवाळावर घसरतं.

प्रश्न : भारी चामड्याचे बूट सात वर्षं डब्यात जपून ठेवले होते, मोजून दोनदा वापरले. परवा उतरताना एकाचा सोल निघून हातात आला, दुसराही हलतोय. चामडं नव्यासारखं आहे. चिकटवून घेऊ का?

नुसतं चिकटवून उपयोग नाही, आणि का ते नीट समजून घ्या. 'वापरले नाहीत, म्हणजे नवे' या समजुतीने जितके लोक भर डोंगरात अडकतात, तितके फाटक्या चामड्याने अडकत नाहीत.

चामडं आणि रबर यांच्या मधे मिडसोल असतो, धक्का झेलणारा फेसाळ थर. बऱ्याच बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली वाफ या पदार्थाच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडते, याला हायड्रोलिसिस म्हणतात. चालण्याचा याच्याशी संबंध नाही. बूट तयार झाला त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं आणि साधारण ५ ते १० वर्षांत फेस भुसभुशीत होतो. दमटपणा आणि उष्णता हे घड्याळ पुढे पळवतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, बंद डब्यात, गाडीच्या डिकीत ठेवलेले बूट म्हणूनच आधी जातात. तुम्ही जपलेत, पण कोंडून जपलेत.

निघालेल्या सोलची वरची बाजू नखाने खरवडा. जुन्या बिस्किटासारखा चुरा पडला, तर सुटलाय तो डिंक नाही, थर स्वतः मेलाय. त्या चुऱ्यावर सोल्यूशन लावणं म्हणजे पीठ भिंतीला चिकटवणं. चामडं आणि आतला तळ शाबूत असेल, तर जुना फेस पूर्ण खरवडून नवा मिडसोल आणि नवा सोल बसवता येतो. हे काम रिसोलिंग करणाऱ्या कारागिराचं किंवा बूट बनवणाऱ्या कंपनीचं. दोन्ही बूट एकदमच द्या, दुसऱ्याचं वय पहिल्याइतकंच आहे.

आता विक्रीतली मखलाशी. 'जुना साठा, निम्म्या किमतीत' या पाटीखाली पाच-सहा वर्षं गोदामात पडलेले बूट असू शकतात. घेण्याआधी जिभेच्या आतल्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष शोधा. नुसता सांकेतिक क्रमांक असेल, तर विक्रेत्याकडून अर्थ लेखी मागा. टाळाटाळ झाली तर बूट ठेवून द्या. घरातल्या जुन्या बुटांचं बघायचं, तर मिडसोलच्या बाजूने अंगठा रोवा आणि बूट चवड्यातून वाकवा. बारीक तडे, चिकटपणा किंवा भुगा दिसला तर डोंगर रद्द. काही दिसलं नाही, तरी आधी घराजवळ सामानासह दोन-तीन तास चाला. कीड आतून लागते, बाहेरून कळेलच असं नाही. सॅकमध्ये तीन मीटर मजबूत दोरी ठेवा. सोल सुटला तर चवड्याभोवती आणि घोट्यामागून आवळून निदान खाली उतरता येतं.

ईव्हीए फेसाला हा रोग नाही, तो दबून पातळ होतो. रबराच्या किंवा चामड्याच्या मधल्या थराचे, वेल्टला, म्हणजे कडेने फिरणाऱ्या पट्टीला शिवलेले बूट जड असतात, पण त्यांचा सोल दोन-तीनदा बदलता येतो. बुटात नेमकं काय भरलंय, हे डोळ्यांनी ओळखण्याच्या फंदात पडू नका. कंपनीला विचारा.

प्रश्न : नवे बूट गरम पाण्यात भिजवून पायातच वाळवले की लगेच पायाला बसतात, असं ऐकलं.

ऐकलेलं विसरा. गरम पाण्याने चामड्यातलं तेल निघतं, डिंक सैल होतो आणि बूट वाळताना आकसतो. पहिला आठवडा घरात रोज तासभर, मग सपाट रस्ता, मग ओझं, मग चढ. जाड बूट ५० ते ८० किलोमीटर मागतो. त्यानंतरही एकाच जागी चावत असेल, तर ती जागा कारागिराकडून साच्यावर ताणून घ्या.

प्रश्न : शिकारीचे बूट आणि चालण्याचे बूट यांत खरंच फरक असतो, की नुसतं नाव?

फरक असतो, पण हिरवा रंग म्हणजे शिकारी बूट नव्हे. शिकारीत वाट सोडून तिरक्या उतारावर, घसाऱ्यातून चालावं लागतं आणि परतताना पाठीवर २५-३० किलो मांस असू शकतं. म्हणून सोल ताठ हवा : टाच आणि चवडा धरून पिळून बघा, फडक्यासारखा पिळला जाणारा बूट परत ठेवा. गळा ८ ते १० इंच, बोटांभोवती रबरी पट्टी.

उबेचे आकडे, २००, ४००, ८०० ग्रॅम, हे प्रतिचौरस मीटर अस्तराचं वजन असतं, बुटाचं नव्हे. सतत चालणार असाल तर अस्तर नको किंवा २०० पुरे. ८०० ग्रॅम हे तासन् तास दबा धरून बसणाऱ्यासाठी. ते घालून चढलात तर मोजे घामाने भिजतात आणि बसल्यावर तोच घाम पाय गोठवतो.

आवाजही तपासा. करकर बहुतेक वेळा इनसोल घासल्याने होते, त्याखाली चिमूटभर टाल्कम पावडर टाका. मेण लावायचं तर निघण्याच्या चार-पाच दिवस आधी, वास उडायला वेळ हवा. तेलाचा मात्र मारा नको, चामडं मऊ पडून घोट्याचा आधार जातो.

प्रश्न : आत वॉटरप्रूफ पडदा असलेले घेऊ का?

थंड, ओल्या हवेत घ्या. गरम, कोरड्या हवेत नको, घाम कोंडतो आणि आत भिजलेला बूट लवकर वाळत नाही. पडदा चामड्याइतका टिकत नाही. बोटांची वाढलेली नखं आणि आत गेलेली वाळू त्याला भोकं पाडतात. शंका असेल तर कोरडे मोजे घालून घोट्याखाली येईल इतक्या पाण्यात दहा मिनिटं उभे राहा.

प्रश्न : भिजलेले बूट शेकोटीजवळ ठेवले तर चालतील?

नाही. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन तासांनी बदला, सावलीत ठेवा.

प्रश्न : नवे बूट घातल्यापासून अंगठा आणि शेजारचं बोट बधिर असतं. तीन महिने झाले. मधुमेह आहे. मोठा नंबर घेऊ का?

तीन महिने थांबलात कशासाठी? आधी बूट बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. मधुमेहात संवेदना कमी झालेल्या पायाला फोड, जखम कळतच नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या आरशात तपासा. लेस चवड्यावर फार आवळल्याने किंवा बूट अरुंद असल्यानेही बधिरपणा येतो, पण तुमच्या बाबतीत ते ठरवणं डॉक्टरांचं काम, विक्रेत्याचं नाही आणि माझंही नाही. त्यांनी परवानगी दिली की दोन्ही पायांचं माप नव्याने घ्या, लांबीच्या आधी रुंदीचं.