दोन फुटी टँकमधले दोन सकर मासे (काचेला चिकटून शेवाळ खाणारे) भांडतात, मोठा लहान्याला टिकू देत नाही. काय करावं? (लातूर)

एकच ठेवा, दुसरा दुकानदाराला परत करा. सकर वाढला की जागेवर हक्क सांगतोच. लहान्याच्या शेपटीच्या कडा फाटल्या असतील तर आजच वेगळा काढा.

दुकानात बोटाएवढा दिसतो, पण पुढे फूट-दीड फूट होतो. तुमचा टँक त्या एकट्यालाही पुरणार नाही. तोवर रुंद पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका, दिवसभर त्यातच दडून बसेल. नुसत्या शेवाळावर त्याचं भागत नाही. रात्री काकडीची चकती द्या, उरलेली सकाळी काढा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. तेव्हा हीटर बंद, एअर पंप चालू. लाइटीचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा.

आणि कंटाळून मांजरा नदीत सोडू नका. मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा तो, इथल्या माशांच्या मुळावर येतो.