वडील अनुदानित शाळेत शिपाई आहेत. टाकी धुताना शिडीवरून पडून खुबा मोडला. संस्था 'घरी पडलो' असं लिहून मागते, राजीनाम्याचंही बोलते. काय करावं?

भाऊ, त्या कागदावर वडिलांना सही करू देऊ नका. राजीनामा तर मुळीच नाही.

मी चोपड्याकडच्या एका शाळेत शिपाई होतो. मे महिन्यात वावधन सुटलं, पत्रे उडाले, आणि शाळा उघडायच्या आत ते बसवायला मला वर चढवलं. सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवायचा नसतो, पण फळी होती कुठे? पत्रा फुटला, मी खाली बाकावर. टाच फुटली, मणका दबला. दवाखान्यात सोबतच्यांनी 'घरी पडला' सांगितलं, तेच केसपेपरवर गेलं. मी कळांनी तळमळत होतो, कोण बघतं? त्या एका ओळीनं माझं दीड वर्ष खाल्लं.

म्हणून आधी केसपेपरची नक्कल मागा. चुकीचं लिहिलं असेल तर डॉक्टरांना दुरुस्तीचा अर्ज द्या, पोच घ्या. मग मुख्याध्यापकांना पत्र: तारीख, वेळ, टाकी किती उंच, चढायला कोणी सांगितलं, शिडी कोणी धरली होती का. प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडे आवक क्रमांक टाकून घ्या. त्या दिवशीच्या हजेरीपटाचा आणि शिडीचा फोटो आजच काढा. शिडी लवकर गायब होते, हे मी पाहिलंय. कोणी पाहिलं असेल तर त्याचं नावही आताच लिहून ठेवा. पुढे नोकरीच्या भीतीनं माणसं गप्प होतात, त्यांना दोष देत नाही.

राजीनाम्याचं म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 20(4) वाचून दाखवा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पदावर ठेवायचं. सरकारी अनुदान घेणारी संस्थाही यात येते. पण स्वतःहून राजीनामा दिला की हा आधार हातचा जातो, म्हणूनच ते घाई करतात. पाय अधू राहिला तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा.

आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यांना उकिडवं बसू देऊ नका. शौचाची खुर्ची औषधाच्या दुकानात मिळते, ती आधी आणा.