युरेका म्हणजे नक्की काय?

प्रश्न : मुलीने विचारलं, आर्किमिडीज ‘युरेका युरेका’ ओरडत बाथमधून पळाला त्या शब्दाचा अर्थ काय? मला सांगताच आलं नाही. आणि ही गोष्ट खरी आहे का?

उत्तर : मुलीला सांगा, ‘सापडलं!’ एवढाच अर्थ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘हेउरेका’, म्हणजे ‘मला सापडलंय’, शोधणं संपलं आणि उत्तर आता हातात आहे असा भाव त्या क्रियापदाच्या रूपातच आहे, आपल्या ‘सापडलंय’मधे आहे ना अगदी तसा. सुरुवातीचा ‘ह’ पुढे गळला आणि इंग्रजीतून आपल्याकडे युरेका आला. ‘ह्युरिस्टिक’ (उत्तर शोधायची कामचलाऊ युक्ती) शब्द पण त्याच धातूचा, त्यात ‘ह’ टिकलाय.

गोष्ट अशी की सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराचा राजा हिएरोने देवाला वाहायला सोन्याचा मुकुट करून घेतला, वजन बरोबर भरलं पण सोनाराने चांदी मिसळली अशी कुणकुण लागली, मग काम आलं आर्किमिडीजकडे. टबात उतरल्यावर पाणी बाहेर सांडलं आणि त्याला सुचलं की चांदी सोन्यापेक्षा हलकी, म्हणजे तेवढ्याच वजनाला जास्त जागा घेणार, जास्त पाणी सांडणार.

खरी का? आर्किमिडीज इ.स.पू. 212 मधे गेला, आणि ही गोष्ट आपल्याला मिळते रोमन वास्तुकार विट्रुव्हियसच्या ग्रंथात, जवळजवळ दोनशे वर्षांनंतर. आर्किमिडीजचं जे लिखाण आपल्या हाती आलंय, त्यात ती नाही. मी स्वतः हिशोब करून बघितला : 1 किलोचा मुकुट निव्वळ सोन्याचा असेल तर साधारण 52 घनसेंमी जागा घेतो, त्यात 300 ग्रॅम चांदी असेल तर 65. हा 13 चा फरक 20 सेंमी रुंद भांड्यात पाहिला तर पाण्याची पातळी जेमतेम 0.4 मिलिमीटर जास्त चढते! डोळ्याला कळणं कठीणच. गॅलिलिओलाही ही पद्धत फार ढोबळ वाटली होती, त्याने 1586 मधे पाण्यात बुडवून वजन करायचा तराजू सुचवला, आणि मला तोच मार्ग जास्त पटतो, कारण पाण्यात वस्तूचं वजन का कमी भरतं हे तर आर्किमिडीजने स्वतःच्या ग्रंथात सिद्ध केलंय.

तिला गणित आवडत असेल तर हेही सांगा. 10 जुलै 1796 ला 19 वर्षांच्या गाउस या जर्मन गणितज्ञाने डायरीत ग्रीक अक्षरांत हाच शब्द लिहिला आणि पुढे त्रिकोणाच्या तीन खुणांची बेरीज मांडली, कोणतीही पूर्ण संख्या तीन त्रिकोणी संख्यांची (0, 1, 3, 6, 10 अशा, म्हणजे तेवढे ठिपके त्रिकोणात मांडता येतात) बेरीज असते हे त्याला त्या दिवशी सापडलं होतं.